टोमॅटो-मिरचीची रोपं घरात वाढवताना पाणी कसं घालायचं, मुळं नीट धरावीत म्हणून

गेल्या जुलैत मी चोवीस रोपं मारली. रोगानं नाही, किडीनं नाही, पाणी घालून घालून. स्प्रे बॉटल हातात घेऊन सकाळी एकदा, ऑफिसातून आल्यावर एकदा आणि झोपायच्या आधी एकदा, अगदी लहान बाळाला पाजावं तसं. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर सहा रोपं आडवी, देठ मातीजवळ दोऱ्यासारखं बारीक झालेलं, वर पानं मात्र हिरवीगार. दुसऱ्या दिवशी अजून दहा गेली. आई म्हणाली नजर लागली. मी म्हटलं हो, माझीच लागली, सारखा बघत होतो ना.

तर हे त्यानंतर जे काही शिकलो ते लिहितोय. मी सुदामा नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, पूर्वेकडची काचबंद गॅलरी आहे, त्यात एक लोखंडी रॅक आणि दोन एलईडी बॅटन. पावसाळ्यात गच्चीवर रोपं ठेवली तर इंदूरचा पाऊस त्यांना झोपवून टाकतो आणि मेमध्ये ठेवली तर लू भाजून काढते, म्हणून पहिले पाच-सहा आठवडे घरातच काढायचे आणि मग बाहेर, असं माझं चालतं. टोमॅटो आणि मिरची दोन्ही लावतो. मिरचीचं बी कधी कधी विकतही घेत नाही, खाली निमाडात बेडियाच्या मंडीतून कोणी ना कोणी लाल मिरची आणतंच, त्यातलीच एखादी फोडून बी पेरायचं. झाड कसं निघेल याची गॅरंटी नाही पण उगवतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मुळं श्वास घेतात, खरोखरचा, ऑक्सिजन घेऊन. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांत एकतर पाणी असतं किंवा हवा. तुम्ही रोज पाणी ओतत राहिलात की सगळ्या पोकळ्या भरलेल्या राहतात आणि मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेल्या मुळावर बुरशी बसते. म्हणजे तुम्ही पाणी घातल्यावर ते हळूहळू वापरलं जातं, उडतं, त्याच्या जागी हवा आत शिरते आणि नेमकं त्याच काळात मूळ पसरतं. दोन पाण्यांमधले जे दिवस आपल्याला ‘काहीच होत नाहीये’ असे वाटतात ना, ते मुळांचे कामाचे दिवस.

आणि गंमत म्हणजे हे आपल्याच गावात फार आधी लोकांनी ओळखलं होतं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 पासून 1931 पर्यंत इंदूरला होते, होळकर संस्थानाच्या जमिनीवर उभी राहिलेली ती संस्था म्हणजे आजचं आपलं कृषी महाविद्यालय. त्यांची खत करायची पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, 1935 साली गांधीजीही ती बघून गेले. पण खतामुळे नाव झालं तरी हॉवर्ड आणि त्यांची बायको गॅब्रिएल, दोघंही जमिनीत हवा खेळती राहण्यावर आधीपासून जोर द्यायचे. माळव्याची काळी माती ज्यानं ओली असताना हातात घेतली असेल त्याला हे लगेच पटेल, लोण्यासारखी चिकट, आत हवेला जागाच नाही, आणि वाळली की अशी भेगाळते की मुळं तुटतात. म्हणून शेतातली काळी माती गमल्यात भरू नका. (आम्ही इंदूरवाले कुंडीला गमलाच म्हणतो, पुण्याची बहीण हसते, हसू दे.)

भरायचं काय

मी अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेसारखा मिळतो), पाव भाग गांडूळखत आणि पाव भाग पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) घेतो. पर्लाइट नसेल तर जाड रेती चाळून, धुऊन चालते, वजन वाढतं एवढंच. कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी काळपट-तपकिरी निघतं, ते फेकून द्या, दोन-तीन वेळा धुवा, त्यात क्षार असू शकतात. एका नर्सरीतून आणलेली वीट मी न धुता वापरली होती तेव्हा मिरचीच्या पानांच्या कडा जळल्या आणि मी आठवडाभर ऊन जास्त होतंय समजून लाइट वर-खाली करत बसलो.

पेरायच्या आधीच मिश्रण ओलं करून घ्या, पेरल्यावर वरून ओतू नका, बी वाहून कोपऱ्यात जातं. ओलावा किती, तर मुठीत घेऊन दाबा, गोळा झाला पाहिजे आणि बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब दिसले पाहिजेत, धार लागली तर जास्त झालं. पसरून ठेवा थोडा वेळ.

आता भांडं. इथे लोक एक चूक हमखास करतात, बी थेट मोठ्या गमल्यात टाकतात, की नंतर बदलायची कटकट नको. बोटभर रोपाला बादलीभर ओली माती दिली तर ते एवढं पाणी पिणार कधी? आठ-आठ दिवस तो गमला आतून ओलाच राहतो. म्हणून सुरुवात छोट्यात. मी चहाचे दीडशे मिलीवाले कागदी कप घेतो, तळाला चार भोकं, आणि रोप मोठं झालं की अर्ध्या किलोच्या श्रीखंडाच्या डब्यात. डबे जमवायला कष्ट पडत नाहीत, श्रीखंड खावं लागतं.

आणि तळाशी खडे घालू नका. हे ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू माझ्यावर रागावल्या होत्या, त्यांच्याकडे तीस वर्षं खडे घालतात. त्यांना मी ओट्यावर एक प्रयोग करून दाखवला, तुम्हीपण करा. भांडी घासायचा नवा स्पंज घ्या, पाण्यात पूर्ण भिजवा, आणि सपाट, आडवा धरा. पाणी गळेल, मग थांबेल. आता तोच स्पंज न पिळता लांब बाजूवर उभा करा. परत पाणी गळतं! ते थांबलं की आता सगळ्यात उंच उभा धरा, अजून गळतं. स्पंज तोच, पिळला नाही, तरी पाणी निघालं. म्हणजे काय, तर तळाशी एक थर असा राहतो की ज्यातलं पाणी आपोआप खाली उतरतच नाही, आणि त्या थराची उंची साधारण ठरलेली असते, भांडं उथळ असो की खोल. उथळ भांड्यात हा चिखलाचा थर म्हणजे अर्धं भांडं, खोल भांड्यात तळाचा थोडासा भाग. खडे घातले की तो थर खड्यांच्या वर येऊन बसतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ. काकूंनी स्पंज स्वतः तीनदा धरून बघितला, मग म्हणाल्या, ‘बरं, पण माझे खडे मी काढणार नाही.’ ठीक आहे.

उगवेपर्यंत आणि त्यानंतरचा नाजूक आठवडा

टोमॅटो साधारण पाच ते आठ दिवसांत उगवतो, मिरची आठ-बारा, थंडीत त्याहूनही जास्त. तोपर्यंत कपांवर प्लास्टिकची पिशवी किंवा डब्याचं पारदर्शक झाकण ठेवा म्हणजे पाणी घालायचीच गरज पडत नाही. अर्ध्याच्या वर उगवले की झाकण काढा, सगळे उगवायची वाट बघत बसू नका. माझी चोवीस रोपं गेली त्यात अर्धा दोष या झाकणाचाही होता, कारण आत दमट, हवा बंद आणि वरून माझी स्प्रे बॉटल. बुरशीला यापेक्षा चांगलं हॉटेल कुठे मिळणार.

देठ मातीजवळ बारीक होऊन रोप कोलमडतं त्याला शेतकरी रोप कोलमडणं किंवा मर म्हणतात. एकदा कोलमडलेलं रोप उठत नाही, हळद लावा, दालचिनी टाका, काही करा. ते काढून फेका, शेजारचे कप लांब करा आणि वरचा थर सुकू द्या. छोटा टेबल फॅन हलक्या वेगात, रोपांच्या बाजूनं, थेट तोंडावर नाही, दिवसातून काही तास लावला तर मातीचा वरचा पापुद्रा सुकतो आणि देठंही जाड होतात.

पहिली दोन पानं (ती खरी पानं नसतात, बियांतलीच असतात) असताना रोपाला लागणारं पाणी ऐकून तुम्हाला वाटेल मी कंजूस आहे. आठ-दहा मिली. मी खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण वापरतो, त्यावर पाच-दहा-पंधराच्या रेघा असतात, यापेक्षा चांगलं माप घरात नाही. ते पाणी देठावर ओतायचं नाही, देठापासून बोटभर लांब, कपाच्या कडेनं गोल फिरवत घालायचं. देठाजवळची जागा कोरडी राहिली की मर कमी होते, आणि कडेला ओल असली, मधे हवा असली की मुळं बाहेरच्या बाजूला पसरत जातात. लोक म्हणतात मुळं पाणी शोधत मैलभर जातात, तसं काही नसतं, मूळ जिथे आहे तिथून जवळची ओल त्याला कळते आणि ते तिकडे वळतं, कोरड्या ठणठणीत मातीतून ते काही भोकं पाडत जात नाही. म्हणून तहानेनं मारून मुळं वाढवायची ही पण आयडिया चुकीची. थोडं कोरडं होऊ दिलं तर झाड पानांपेक्षा मुळांवर जास्त खर्च करतं, हे खरं, पण थोडं. पान लोंबेपर्यंत थांबलात तर मुळांवरचे जे बारीक केस असतात, पाणी ओढायचं बरंचसं काम तेच करतात, ते आधी मरतात.

दुसरी पद्धत खालून पाणी पाजायची. स्टीलच्या परातीत बोटाच्या पहिल्या पेराच्याही निम्मं, साधारण सेंटिमीटरभर पाणी घ्या, कप त्यात उभे करा, पंधरा-वीस मिनिटं. कोकोपीट वरपर्यंत पाणी ओढतं, वरचा रंग गडद झाला की काढा आणि उरलेलं पाणी फेका. कप रात्रभर परातीत विसरलात तर सगळं मुसळ केरात, मी विसरलोय म्हणून सांगतो. कोकोपीट एकदा अगदी खडखडीत वाळलं तर वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि आत कोरडंच राहतं, तेव्हाही हीच परात कामी येते.

वजन, म्हणजे खरी गोष्ट

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण ‘किती दिवसांनी पाणी घालू’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. इंदूरला डिसेंबरात कप पाच दिवस ओला राहतो आणि मेमध्ये कूलरसमोर दीड दिवसात सुकतो, मग मी तुम्हाला दिवस कसे सांगू? कोकोपीट वरून तर नेहमी फसवतं, वर फिकट, कोरडं दिसतं आणि आत बोट घातलं तर ओलं. बोट घालून बघायची पद्धत मोठ्या गमल्यात ठीक आहे, कपात बोट घातलं तर मुळंच तुटतील.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, हिशोब सरळ आहे. कप पूर्ण भिजवा, गळायचं थांबू द्या, वजन करा. माझा दीडशे मिलीचा कप तेव्हा 115 ग्रॅमच्या आसपास भरतो. कोरडं मिश्रण त्यात फक्त पंचवीस-तीस ग्रॅम असतं, म्हणजे पाणी साधारण पंच्याऐंशी-नव्वद. त्यातलं निम्मं गेलं की काटा सत्तरवर येतो, तेव्हा पाणी घालायची वेळ झाली. घालायचं किती? 115 उणे 70, पंचेचाळीस मिली, खोकल्याच्या झाकणाची तीन झाकणं. झालं. हे खऱ्या पानांची पहिली जोडी आल्यानंतरचं, त्याआधी वर सांगितलं तसं कडेकडेनं थोडं थोडं. श्रीखंडाच्या डब्याचं माझं गणित भिजल्यावर साडेतीनशे आणि पाणी घालायच्या वेळी दोनशेवीसच्या आसपास. तुमचं मिश्रण वेगळं असेल तर आकडे वेगळे येतील, पद्धत तीच, भिजलेलं वजन एकदा लिहून ठेवा. आठ-दहा दिवस असं केलं की नंतर काटा लागतच नाही, हातानं उचललं की कळतं, भाजीवाला मिरच्या मुठीत घेऊनच पाव किलो सांगतो तसं.

काट्यानं माझ्याकडे एक चोरीही पकडली. एक कप रात्री 78 होता, सकाळी बघितलं तर 109. मी वेडा झालो, काटा बिघडला वाटलं, सेल बदलले. तिसऱ्या दिवशी लवकर उठलो तर आई तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं पाणी माझ्या कपांत वाटत होती, प्रत्येकाला थोडं थोडं, कोणाला कमी नको म्हणून. मी म्हटलं आई, अगं मी मोजून घालतो. ती म्हणाली, ‘घरात तहानलेलं कोणी नको, सकाळी सकाळी.’ आता मी रॅकच्या शेवटी एक मनीप्लांट ठेवलाय, त्याच्या वाट्याचं तांब्यातलं पाणी, तो आनंदात आहे आणि आईपण.

पाणी सकाळी घाला. दिवसभर लाइट, पान पाणी ओढतं, संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. रात्री घातलेलं तसंच बसून राहतं, थंडीत तर फारच. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खालीही जातो, त्यात आपली फरशी बर्फासारखी, अशा वेळी ओले कप फरशीवर ठेवले तर मुळं काम थांबवतात. खाली थर्मोकोल किंवा जाड पुठ्ठा घाला आणि पाणी अर्धं करा.

कोणतं पाणी

आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतात, नर्मदेचं पाणी, खाली जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढवत आणलेलं. ते रोपांना उत्तम. क्लोरीनची भीती लोक उगाच जास्त घेतात, बादलीत रात्रभर उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं, आणि माझ्या मते रात्रभर ठेवायचं खरं कारण दुसरं आहे, पाण्याचं तापमान. मेमध्ये दुपारी छतावरच्या काळ्या टाकीतून जे पाणी येतं त्यात हात घालवत नाही, आणि आपण तेच सरळ रोपांच्या मुळांवर ओततो. हाताला ना गार ना गरम लागेल असं पाणी द्या. फ्रिजचं तर नकोच, माठातलंही थोडा वेळ बाहेर ठेवून.

बोरिंगचं पाणी जड असतं. मोठ्या झाडांना चालतं, रोपांना रोज दिलं तर कपाच्या कडेला पांढरी रेघ जमते, खारट पापडी, ती दिसली की समजायचं क्षार साठतायत. तेव्हा एकदा नर्मदेचं पाणी डब्याच्या मापाच्या दोन-तीन पट ओतून खालून वाहून जाऊ द्या आणि मग नीट सुकू द्या. आरओच्या मशीनमधून जे फेकायचं पाणी निघतं ते वाचवायची सवय चांगली आहे, फरशी पुसा, संडासात टाका, पण रोपांना देऊ नका, मशीननं काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. एसीचं पाणी उलट, त्यात क्षार जवळजवळ नसतात, नर्मदेच्या पाण्यात मिसळून चालतं.

खत सुरुवातीला नको, गांडूळखत आहेच. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की आठवड्यातून एकदा, 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) चार लिटर पाण्यात एक ग्रॅम. होय, चार लिटरमध्ये एक. पाकिटावर जे लिहिलेलं असतं ते शेतातल्या मोठ्या झाडासाठी. आणि कोरड्या मातीत खताचं पाणी घालू नका, आधी थोडं साधं पाणी मग खताचं, नाहीतर मुळांची टोकं भाजतात.

कपातून डब्यात

खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या झाल्या की कप उलटा करून, दोन बोटांच्या मधे देठ धरून, तळाला हलकेच टिचकी मारा, सगळा गड्डा अलगद हातात येतो. हा क्षण मला फार आवडतो. चांगली मुळं पांढरीशुभ्र, कडेनं जाळी धरलेली, वास पहिल्या पावसासारखा. तपकिरी, बोटानं ओढलं की साल निघून आत दोरा राहतो आणि वास नाल्यासारखा, तर कुजलीयत, पाणी जास्त झालं. मुळं अजून दिसतच नसतील तर घाई केलीत, परत कपात ठेवा आणि चार दिवस थांबा. गोल गोल फिरून तळाशी चुंबळ झाली असेल तर उशीर केलात.

चुंबळ होऊ नये म्हणून मी श्रीखंडाच्या डब्याला तळाशी तर भोकं पाडतोच पण बाजूंनीही, तापवलेल्या खिळ्यानं, चिमट्यात धरून, खिडकी उघडी ठेवून, आणि आई देवळात गेलेली असताना. मुळाचं टोक बाजूच्या भोकापाशी आलं की त्याला हवा लागते, टोक तिथेच सुकतं आणि मागून नवे फाटे फुटतात. एका लांब शेपटीऐवजी झुपका तयार होतो, तोच आपल्याला हवाय.

टोमॅटो लावताना देठ पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरा, पुरलेल्या देठाला सगळीकडून मुळं फुटतात, आयतीच. मिरचीला एवढं खोल नको, होती त्यापेक्षा जेमतेम बोटाचं पेरभर. डब्यात लावल्यावर पहिलं पाणी गड्ड्याच्या भोवती गोल, सगळा डबा चिंब नको, कारण मुळं अजून मधल्या कपाएवढ्या जागेतच आहेत. पुढच्या पाण्याला गोल मोठा करा, त्याच्या पुढच्याला कडेपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या पाण्यापासून पूर्ण भिजवा, खालून निथळू द्या आणि मग वजनाची वाट बघा. बदलल्यावर एक-दोन दिवस रोप दुपारी थोडं मान टाकतं, घाबरून पाणी ओतू नका, लाइट जरा वर करा.

मान टाकण्याचं एक कोडं सांगतो. पानं लोंबतायत आणि डबा हलका आहे, तर तहान लागलीय, पाणी द्या, तासा-दोन तासांत उठतं. पानं लोंबतायत आणि डबा जड आहे, तर मुळं गुदमरलीयत, पाणी असून ओढता येत नाहीये. दिसायला दोन्ही सारखंच! आणि आपण काय करतो, दोन्ही वेळा तांब्या उचलतो. जड असेल तर उलट पंखा लावा, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवा, ती पाणी शोषते, आणि दोन-तीन दिवस हात बांधून बसा. डब्याभोवती काळी बारीक चिलटं उडायला लागली तर तीपण हीच बातमी देतात की वरचा थर कायम ओला आहे. त्यांच्या अळ्या ओल्या थरात राहतात आणि कोवळी मुळं खातात. पिवळी चिकट कार्डं लावा, पण वरचा इंचभर थर सुकू दिल्याशिवाय ती जात नाहीत.

लाइटचं एका वाक्यात, कारण तो वेगळा विषय आहे: बॅटन रोपांच्या वर वीतभर, चौदा-सोळा तास, नाहीतर रोपं लांबुळकी होतात आणि अंधारातलं रोप पाणीही कमी पितं, म्हणजे माती सुकत नाही, म्हणजे परत तीच भानगड.

बाहेर काढायच्या आधीचा आठवडा सकाळचं कोवळं ऊन, पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत. बाहेर वारा असतो, घरात तीन दिवस चालणारा डबा गॅलरीबाहेर दीड दिवसात हलका होतो, तेव्हा काटा परत बाहेर काढा. मोठ्या गमल्यात लावायच्या दोन-एक तास आधी डब्याला पाणी द्या, ओला गड्डा तुटत नाही, कोरडा विस्कटतो आणि चिखल झालेला हातात गळतो. लावा, गोल पाणी द्या, संध्याकाळी लावलं तर रात्रभर त्याला सावरायला मिळतं, माळव्याच्या रात्री तशाही गार असतात.

या वर्षी अठरा पेरली, सोळा जगली. एक मांजरानं पाडलं आणि एक मी काटा काढताना कोपरानं. चला, नळ आले वाटतं, टाकी भरायला जातो.